शेऱ्याच्या पानावरचा अंगठा

आमच्या वाचनालयाच्या आक्का पुस्तकं दाखल क्रमांकाने वाचायच्या. वाचनालयात पुस्तक आलं की रजिस्टरात त्याला एक नंबर पडतो, तो दाखल क्रमांक. आमच्याकडे एक नंबरला गुरांच्या रोगांवरचं पुस्तक होतं, दोनला एक पौराणिक नाटक, तीनला शिवणकाम. आक्कांनी एकपासून सुरुवात केली आणि मधलं एकही न गाळता त्या पुढे चालत राहिल्या. एखादं पुस्तक पुण्यात कितीही गाजत असो, आक्कांना त्याबद्दल विचारलं की म्हणायच्या, "अजून माझा नंबर न्हाई आला तिथवर."

खरं म्हणजे हे सगळं एका गैरसमजातून सुरू झालं. आक्का ओतूरहून एसटीने जुन्नरला यायच्या, वाचनालयाची झाडलोट करायला. शिक्षण सातवी. पुढे आमचे ग्रंथपाल दुसरी नोकरी लागली म्हणून गेले आणि आम्ही देत होतो त्या पगारात दुसरं कुणी यायला तयार होईना. किल्ल्या आक्कांकडे दिल्या. जाताना ग्रंथपाल आपले बोलायचं म्हणून बोलले, "आक्का, आपण लोकांना काय देतोय ते आपल्याला माहीत पाहिजे बरं का." आक्का तो हुकूम समजल्या. मी तेव्हा तिथल्या एका हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि वाचनालयाचा चिटणीस होतो. हा प्रकार माझ्या ध्यानात आला तोवर बाई नऊशेच्या पुढे गेल्या होत्या. मी हसत हसत सांगितलं, "आक्का, जगातला कुठलाच ग्रंथपाल असं करत नाही." त्या म्हणाल्या, "मग ते लोकांला काय देत्यात, सर?"  

बाई उंच आणि हाडापेराने मजबूत. मनगटावर पुरुषी घड्याळ, हातात बारा महिने छत्री. छत्री पावसासाठी नव्हे, तिची मूठ अडकवून वरच्या फळीवरची पुस्तकं त्या खाली ओढायच्या. पुस्तक पडलं तर ते आधी स्वतःच्या कपाळाला लावायच्या आणि मग ज्याच्यामुळे पडलं त्याच्या डोक्याला, जरा जोरात. पानाचा कोपरा दुमडणाऱ्याला समोरच्या हॉटेलातून स्वखर्चाने चहा आणावा लागे आणि गरम ग्लास त्या कोपऱ्यावर फिरवत बसावं लागे, कोपरा सरळ होईपर्यंत. चहा मग आक्का प्यायच्या. एक नंबरचं पुस्तक पाठ असल्यामुळे बाजाराच्या दिवशी आमच्या खिडकीशी शेतकरी उभे राहायचे. "आक्का, म्हस चारा खाईना." आक्का मान वर न करता म्हणायच्या, "जीभ बघितली का? आधी जीभ बघून ये." जाड कादंबऱ्या देताना वाचकाला सावधगिरीची सूचना असे. "ह्यात तिसऱ्या पानावर पाऊस सुरू व्हतो तो शंभराव्या पानापर्यंत थांबत न्हाई. छत्री देऊ का माझी?"

पण त्यांचा सगळ्यात जाचक नियम म्हणजे शेरा. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी त्यांनी स्वतः खळ लावून कोरे कागद चिकटवले होते. पुस्तक परत करताना त्यावर शेरा लिहायचा, खाली सही. शेरा नाही तर पुढचं पुस्तक नाही. 'चांगले आहे' असं लिहिलेलं चालत नसे. "भाजीबी चांगली असती. काय चांगलं ते लिव्हा." जुन्नरसारख्या गावात ज्यांनी लग्नपत्रिकेपलीकडे कधी काही लिहिलं नाही अशी माणसं त्या खिडकीशी पेन चावत उभी राहिलेली मी पाहिली आहेत. आणि एकदा लिहिलेला शेरा खोडायचा नाही, फाडायचा नाही, अध्यक्षांनी सांगितलं तरी नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते पुस्तक आमच्याकडे आलं. दाखल क्रमांक पाच हजार दोनशे चार. पुस्तकाचं नाव मी सांगत नाही, लेखक हयात आहे. आंबेगाव तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका गावातला हा माणूस, पुढे पुण्याला गेला. तिथे दारूच्या नादाला लागला, पार गाळात गेला आणि कसा वर आला, ह्याचं आत्मकथन. मुखपृष्ठावर बाटलीचं चित्र. त्यात एक प्रकरण होतं, ते वाचून भले भले रडायचे. लेखकाचे वडील गावी तापाने फणफणलेले. चार दिवस झुंज. निरोप घेऊन माणूस पुण्याला जातो, तर हा पिऊन पडलेला. बाप जातो. चुलतभाऊ अग्नी देतो. गोठ्यातला बैल दोन दिवस वैरणीला तोंड लावत नाही. आणि शुद्धीवर आलेला मुलगा नदीच्या काठी उभा राहून बापाला हाका मारतो.

आपल्या भागातला लेखक म्हटल्यावर पुस्तकावर उड्या पडल्या आणि शेऱ्याचं पान आठ दिवसांत भरलं. आक्कांनी खळ लावून दुसरं जोडलं. मला त्यातले पुष्कळ शेरे अजून आठवतात. एका बाईंनी लिहिलं होतं, 'मिस्टरांना वाचून दाखवले. ते म्हणाले, मी एवढी पीत नाही.' कॉलेजातल्या एका मुलाचं प्रांजळ मत, 'लेखकाने दारूचे वर्णन इतके सुंदर केले आहे की प्यावीशी वाटली.' मग हळूहळू जाणकार मैदानात उतरले. एका निवृत्त तलाठ्यांनी नोंदवलं की पान बेचाळीसवरचा ओढा त्या शिवारात नाहीच, ज्याला शंका असेल त्याने गावचा नकाशा बघावा. वीज मंडळातल्या एका वायरमनने लिहिलं, 'लेखक त्या साली गावी पंख्याखाली झोपला म्हणतो. त्या गावचे पोल मी स्वतः रोवले, ते पाच वर्षांनंतर.' त्याच्या खाली कुणीतरी, 'खरे असो खोटे असो, वडिलांचे प्रकरण वाचताना माझी नारायणगावची एसटी चुकली.'

आणि मग मी लिहिलं. माझ्या वर्गातल्या एका मुलाचं आजोळ त्याच गावात होतं. त्याच्या आईने मला सांगितलं, "सर, लेखकाचा बाप कुठं मेलाय? चांगला धडधाकट हाय. मागच्या जत्रंला मला ववाळणी दिली त्यानं." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सगळं गाव ज्या प्रकरणावर रडत होतं ते मी एकट्याने पकडलं होतं. मी माझ्या ठेवणीतल्या अक्षरात लिहिलं, 'खोटे पुस्तक. लेखकाचे वडील हयात आहेत. ज्या प्रकरणावर वाचक अश्रू ढाळतात ते संपूर्ण बनावट आहे.' खाली सही, आणि सहीपुढे एम.ए., बी.एड. एवढ्यावर थांबलो नाही. पुस्तक 'आत्मचरित्रे'च्या कपाटातून काढून 'कादंबऱ्या'च्या कपाटात हलवावं, असा ठराव मी पुढच्या सभेसाठी मांडला. आक्कांनी शेरा वाचला आणि इतकंच विचारलं, "तुमी गेला व्हता का, सर? म्हाताऱ्याला बघितलं?" मी म्हणालो, "त्यात बघायचं काय?" 

बबन मोटारवाला आला तो दुसऱ्या दिवशी, दुपारी. बाजारपेठेत त्याचं जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं दुकान होतं. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळली की लोक बबनकडे न्यायचे. हाताला गुण होता, पण दुपारनंतर तो हात थरथरायचा. चार-एक महिन्यांपूर्वी तो आमचा पंखा दुरुस्त करायला आला होता आणि जाताना बाटलीचं चित्र बघून ते पुस्तक घेऊन गेला होता. त्याला वाटलं, कामाचं असेल. दुकानात बसून त्याने ते अक्षर अक्षर लावत वाचलं. वडिलांचं प्रकरण संपलं त्या दिवशी दुकानाला कुलूप घातलं आणि ज्याला दोन वर्षांत तोंड दाखवलं नव्हतं त्या आपल्या बापाला भेटायला गावी गेला. तेव्हापासून थेंब घेतला नव्हता. हे त्याच्या बायकोने आक्कांना येऊन सांगितलं होतं, आणि सांगताना ती बाई वाचनालयाच्या उंबऱ्याला हात लावून पाया पडली होती.

तर तो बबन खिडकीशी उभा राहिला. माझा शेरा त्याला कुणीतरी दुकानात येऊन सांगितला होता, हसत हसत. मी आत वर्तमानपत्र चाळत होतो. त्याला मी दिसलो नाही, किंवा दिसलो असेन तरी त्याचं काम माझ्याकडे नव्हतं.

"आक्का, म्हातारा जिता हाय म्हणं."

"आसं लिव्हलंय खरं."

"मग म्या कशापायी सोडली? सांगा की. त्येनं बनवून बनवून लिव्हलं, मी येडा रडलो. समदी बाजारपेठ हसतीया राव." त्याचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "काल सांच्याला गुत्त्यापतुर जाऊन आलो. आत न्हाई गेलो. आज काय व्हईल ते मला म्हाईत न्हाई. तुमी सांगा, पुस्तक खरं का खोटं? तुमी सांगाल ते मी धरीन."

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. दोन-तीन ओळींच्या शेऱ्याने माणूस इतका हलेल हे माझ्या गावीही नव्हतं. मला वाटलं आक्का 'खरं आहे बाबा' म्हणून मोकळ्या होतील. कुणीही म्हणालं असतं. आक्का म्हणाल्या, "मी वाचलं न्हाई अजून. मी दोन हजार नऊशे अठ्ठावीसवर हाय."  मग त्या म्हणाल्या, "रविवार सांजपतुर दम धर. रोज काम झालं की हितं येऊन बस. रविवारी सांगते. तवर पिऊ नको."

"आन रविवारी तुमी खोटं म्हणालात तर?"

"तर तसं सांगीन."

तो गेल्यावर आक्कांनी काय केलं ते सांगतो. त्यांनी वाचत असलेलं दोन हजार नऊशे अठ्ठाविसावं पुस्तक घेतलं, त्यात दोरा घातला आणि ते मिटून कपाळाला लावलं. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नंबर मोडला. छत्रीच्या मुठीने पाच हजार दोनशे चार खाली ओढलं आणि उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली. दोन दिवस खिडकीवर आलेल्या माणसाला एकच उत्तर मिळालं, "आज पुस्तक न्हाई मिळायचं. मी वाचतीया." शनिवारी संध्याकाळी त्यांनी मला निरोप धाडला, 'उद्या सकाळची घोडेगाव गाडी. स्टँडवर या.' मी जाऊन म्हटलं, "आक्का, मी कशाला?" त्या म्हणाल्या, "लिव्हलंय कुणी? तुमी का म्या?"

रविवारी वाचनालय बंद. बबनला त्यांनी किल्ली देऊन ठेवली होती. समद्या कपाटांच्या आन दाराच्या बिजागऱ्यांना तेल घाल, दिवसभर पुरंल एवढं काम हाय, असं बजावून. मला ते पटलं नव्हतं. रिकामं वाचनालय, हा एकटा, आणि गुत्ता दोन गल्ल्यांवर. मी तसं बोललोही. आक्कांनी तिकिटासाठी कंडक्टरकडे हात पुढे केला आणि माझं बोलणं तिथेच राहिलं.

घोडेगावला गाडी बदलली आणि पुढे डोंगराच्या बाजूला उतरून कोसभर चाललो. भाताची खाचरं कापून झाली होती. लेखकाचं घर विचारायची गरज पडली नाही, गावात पाऊल टाकताच माणसं बोट दाखवू लागली. ओट्यावर एक म्हातारा पायाच्या अंगठ्याला वाख अडकवून दोर वळत बसला होता.

"या पावणं. कुठलं?"

"जुन्नरचं. वाचनालयातनं आलोय," आक्का म्हणाल्या आणि सरळ ओट्यावर बसल्या. "बाबा, तुमच्या पोरानं पुस्तक लिव्हलंय."

"आयकलंय."

"त्यात तुमी मेलाय."

मी पावलांकडे बघत उभा राहिलो. धरणी दुभंगली असती तर मी आत गेलो असतो. म्हाताऱ्याचा हात दोरावर थांबला. "कवा?" त्याने विचारलं.

"पान एकशे बारावर."

"कशानं?"

"तापानं. चार दिवस. पोराला निरोप धाडला, त्यो प्यायला व्हता, आला न्हाई."

म्हाताऱ्याने दोराचा सैल झालेला पीळ पुन्हा घट्ट केला. मग म्हणाला, "ताप आला व्हता. खरं हाय ते. मला खाली घोंगडीवर घेतला व्हता, तोंडात पाणी घातलं व्हतं. पुतन्या लाकडं बघाया गेला व्हता. तवर म्या डोळं उघडलं."

"आन पोरगा?"

"न्हाई आला. पिऊन पडला व्हता. त्याला निरोप्यानं सांगितलं आसंल, म्हातारा काय ऱ्हात न्हाई म्हणून."

"मागनं कळलं आसंल की त्याला, तुमी हाय म्हणून."

"कळलं की. कळल्यापास्नं तर आजाबात आला न्हाई. सात वर्सं झाली." त्याने दोर बाजूला ठेवला. "बाप मेला आसता तर रडून मोकळा झाला आसता, बाई. जित्या बापाला तोंड दाखवाया लागतं."

माझी एम.ए.ची पदवी त्या ओट्यासमोर कुठे ठेवावी मला कळेना. मी खोटं पकडलं होतं आणि ते बरोबरच होतं, बाप जिवंत होता. पण मी जे पकडलं होतं त्याच्या आत हे एवढं पडलेलं होतं आणि ते बघायला एका एसटीचं अंतर जायचं मला सुचलं नव्हतं.

म्हातारा म्हणाला, "वाचून दाव की. बघू तरी कसा मेलो."

आक्कांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि त्या माणसाला त्याचं मरण वाचून दाखवलं. मी आयुष्यात पुष्कळ व्याख्यानं, कीर्तनं ऐकली, पण असं वाचन पुन्हा ऐकलं नाही. आक्का बातम्या वाचल्यासारख्या सरळ वाचत होत्या, आवाज कुठे चढवत नव्हत्या. म्हातारा गुडघ्यांना मिठी घालून, मान जरा कलती करून ऐकत होता. मधे एकदा त्याने विचारलं, "माणसं किती आल्याली?" आक्का म्हणाल्या, "अख्खा गाव लिव्हलाय." त्याला ते बरं वाटलेलं दिसलं. बैल वैरण खाईना ह्या वाक्यावर त्याने हात वर केला. "थांब. बैल म्या आदल्या सालीच इकला व्हता." आक्का थांबल्या, मान डोलावली आणि पुढे गेल्या. मग ते नदीकाठचं आलं, पोरगा बापाला हाका मारतो ते. म्हाताऱ्याने डोक्याचं मुंडासं सोडलं आणि त्यात तोंड घातलं. आक्का वाचत राहिल्या, शेवटच्या ओळीपर्यंत. मी रडत होतो हे मला माझ्या चष्म्यावरून कळलं. ह्याच प्रकरणाला मी बनावट म्हटलं होतं.

मग आक्कांनी शेऱ्याचं पान उघडलं. "आयकलं न्हवं? मग शेरा द्यावा लागंल. नेम हाय आमचा."

"मला लिव्हता येत न्हाई."

"मी लिव्हते. अंगठा तुमचा."

पिशवीतून त्यांनी वाचनालयाच्या शिक्क्याचं शाईचं पॅड काढलं. म्हणजे ते त्या जुन्नरहून निघतानाच घेऊन निघाल्या होत्या. म्हातारा शब्द जुळवत जुळवत सांगत गेला आणि आक्कांनी तसंच्या तसं लिहिलं, माझ्या शेऱ्याच्या बरोबर खाली:

'म्या मेलो न्हाई. बैल आदल्या सालीच इकला. ताप खरा. पोरगं आलं न्हाई ते खरं. त्येच्या जिवाला जसं झालं तसं त्येनं लिव्हलं. म्या हाय तवर एकदा यावं.'

खाली निळा अंगठा. आक्कांनी फुंकर घालून तो वाळवला. त्यांनी शेरा वाचून दाखवल्यावर मी विचारलं, "बैलाचं ठेवायचं का?" म्हातारा म्हणाला, "ठिवा. खरं हाय ते."

परतीच्या गाडीत मी आक्कांना विचारलं, "मग कपाट कुठलं आता? आत्मचरित्रं की कादंबऱ्या?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुमीच सांगा, सर. तुमी एम्मे झालाय." त्यांच्या अंगठ्यालाही शाई लागली होती, ती त्या रुमालाने पुसत होत्या आणि ती जात नव्हती.

जुन्नरला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वाचनालयात दिवा होता. दार ढकललं तर ते आवाज न करता उघडलं, म्हणजे बिजागऱ्यांना तेल घालून झालं होतं. बबन टेबलाशी बसला होता आणि त्याच्यासमोर दारूची चपटी होती.

 आक्का पुढे गेल्या, चपटी उचलून दिव्याकडे धरली. झाकण शाबूत होतं.

"दुपारी आणली," बबन म्हणाला. "तुमी काय सांगताय ते आयकून मग ठरवायचं म्हणलं."

आक्कांनी त्याच्यापुढे शेऱ्याचं पान उघडून ठेवलं. तो ओठ हलवत वाचायचा. दोनदा वाचलं. मग माझ्याकडे वळला. "सर, तुमी बघितला का म्हातारा? तुमच्या डोळ्यानं?"

"हो," मी म्हणालो. "जिवंत आहे. दोर वळत होता."

"आन पोरगा आला न्हाई, ते?"

"ते खरं आहे. अजून आलेला नाही."

बबन म्हाताऱ्याच्या अंगठ्याकडे बघत राहिला. "म्हंजी म्या गेलो," तो म्हणाला. "माझ्या बापाकडं म्या गेलो. लिव्हणाऱ्याला जमलं न्हाई ते." हे त्याने कुणाला सांगितलं नाही, आपल्याशीच बोलला, आणि चपटी आक्कांच्या बाजूला सरकवली.

आक्कांनी तिचं झाकण तिथेच उघडलं. रुमाल भिजवून आधी आपल्या अंगठ्याची शाई काढली, ती लगेच गेली. उरलेल्या दारूने त्यांनी आत्मचरित्रांच्या कपाटाच्या काचा पुसल्या, वरपासून खालपर्यंत. बबनने वर्तमानपत्राचा बोळा करून त्या कोरड्या केल्या. मग पुस्तक जिथलं होतं तिथेच, त्याच कपाटात, त्यांनी ठेवलं. सोमवारी अध्यक्ष आले आणि दारातच नाक वर करून उभे राहिले, पण आक्कांना विचारायची त्यांची छाती झाली नाही. माझा ठराव मी मागे घेतला. माझ्या शेऱ्यावर कागद चिकटवू का, असं मी आक्कांना खालच्या आवाजात विचारलं. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, सर. म्हातारा जिता हाय हे तुमीच तर लिव्हलंय." आणि दोन हजार नऊशे अठ्ठाविसातला दोरा काढून वाचायला लागल्या.

त्यांनी लेखकाला एक पोस्टकार्डही टाकलं, म्हाताऱ्याचा शेरा जसाच्या तसा उतरवून. उत्तर आलं नाही. पुढे दोन-तीन वर्षांनी त्याच तालुक्यातल्या कळंबच्या एका माणसाकडून मी ऐकलं की लेखक गावी येऊन गेला, दोन दिवस ओट्यावर बापाशेजारी बसून होता आणि बापाने पहिला प्रश्न विचारला तो बैलाचा. ह्यातलं खरं किती मला सांगता येणार नाही. आक्का एसटीने जाऊन विचारून आल्या असल्या तरी त्यांनी मला सांगितलं नाही.

बबनचा मात्र एक नेमच पडला. दरवर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे आम्ही गेलो होतो त्या सुमाराला, तो यायचा. आक्का त्याच्यासाठी बंद वाचनालय उघडायच्या. तो पाच हजार दोनशे चार काढायचा आणि शेऱ्याच्या पानावर दोन शब्द लिहायचा, 'अजून न्हाई.' मग आक्का म्हणायच्या, "आधी हात धू. व्हार्निशमधी काय कळतंय मला!" मोटार भरली की वर व्हार्निश देतात, त्याचा दर्प बबनच्या हाडात मुरला होता. तो हात धुऊन यायचा, खिडकीतून मान आत घालायचा. "फू कर." तो फू करायचा. आक्का डोळे मिटून, एखादी डाळ शिजली का बघावी तसा वास घ्यायच्या आणि मग त्याच्या शब्दांखाली लिहायच्या, 'पाहिलं', आणि सही. मी एकदा म्हटलं, "आक्का, आता इतकी वर्षं झाली. विश्वास नाही का तुमचा?" त्या म्हणाल्या, "हाय की. म्हणून तर बघते."

ह्या बाईबद्दल मला काय वाटायचं ते सांगायला आदर हा शब्द पुरत नाही. मी पुस्तकं शिकवून पोट भरलं, आणि पुस्तकापुढे इतकं सरळ उभं राहणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. मला त्यांची भीतीच वाटायची, आणि त्यांच्या खिडकीवरून गेल्याशिवाय माझा दिवस जात नसे.

आक्का गेल्या त्या एका पावसाळ्यात, चार दिवसांच्या तापाने. ओतूरला त्यांच्या दारात जुन्नरची निम्मी बाजारपेठ उभी होती. त्यांच्या टेबलावर पाच हजार एकशे एकाहत्तर नंबरचं पुस्तक होतं, मधे दोरा. पाच हजार दोनशे चार क्रमाने परत वाचायला त्यांना अजून तेहतीस पुस्तकं जायची होती.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या रविवारी किल्ली माझ्याकडे होती. मी सकाळीच वाचनालय उघडून बसलो, येईल की नाही ह्याची खात्री नव्हती. आक्का गेल्यापासून बबन मला बाजारात दिसला नव्हता, आणि दुकान महिनाभर बंद होतं असं कुणीतरी म्हणालं होतं. ते ऐकूनच मी मनात काय ते ठरवून टाकलं होतं. माझी खोड जुनी.

अकराच्या सुमाराला तो आला. केस पांढरे झाले होते. बाप वारला, तो गावी होता महिनाभर, शेवटपर्यंत जवळ बसून होता, एवढं त्याने सांगितलं. पुस्तक स्वतःच काढलं. पान इतकं हाताळलेलं की कडा मऊ पडल्या होत्या. वर माझं ठेवणीतलं अक्षर, 'खोटे पुस्तक', त्याखाली निळा अंगठा, त्याखाली एकाखाली एक 'अजून न्हाई' आणि आक्कांची सही. त्याने आणखी एकदा लिहिलं, 'अजून न्हाई', आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"सर, तुमी करा."

मी म्हणालो, "बबन, माझी सही कशाला? तू लिहिलंस, मला पुरे आहे."

"आसं नगं, सर. आक्का बघायच्या." तो बाहेर नळावर गेला, हात धुऊन आला, खिडकीतून मान आत घातली आणि वाट बघत थांबला.

मी वाकलो. त्याने फू केलं. व्हार्निश, चहा, आणि मागून बडीशेप. मी डोळे मिटून पुन्हा एकदा वास घेतला, नीट. दुसरं काही नव्हतं.

मग मी त्याच्या शब्दांखाली लिहिलं, 'पाहिलं', आणि सही केली. सहीपुढे एम.ए., बी.एड. लिहिलं नाही.